अप्पांच्या जीपचे पुढचे पाय

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी सांगणारच आहे म्हणा, कारण उदगीरमध्ये माझ्या या पराक्रमाची गोष्ट माझ्याशिवाय सगळे सांगून राहिलेत, आणि जो तो पदरची भर घालतो. त्यापेक्षा गुन्हेगारानंच एकदा नीट जबाब दिलेला बरा.

तर मी नांदेडला एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो. सोळा वर्षं झाली. फळ्यावर मी इंजिन उघडतो, गिअरबॉक्स खोलतो, अख्खी गाडी सुटी करून पुन्हा जोडतो. सगळं खडूनं! पाना हातात धरायची वेळ आली की मी वर्कशॉपमधल्या माणसाला हाक मारतो. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सासुरवाडीत तर जरा जास्तच. एकदा तिथला मिक्सर बिघडला होता, तर मी येणार म्हणून सासूबाईंनी तो कपाटात लपवून ठेवला.

सासुरवाडी उदगीरची. भुसार मालाचं दुकान आता मेव्हणा बसवराज बघतो. सासरे, म्हणजे अप्पा, रोज सकाळी आपली जुनी जीप काढतात आणि दोन कोसांवरच्या शेतात जातात. आंब्याखाली बसतात, गड्यावर थोडं ओरडतात, परत येतात. एवढाच कार्यक्रम, पण तो चुकला की अप्पांचा दिवस उगवत नाही. जीपवर तर त्यांचा असा जीव की बायको सांगते, तिच्या पाठवणीला अप्पा रडले नव्हते, पण जीपचा पत्रा चेपला त्या दिवशी जेवले नव्हते.

आणि गेल्या उन्हाळ्यात अप्पांची कंबर धरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दणके बंद. आता शेताचा रस्ता म्हणजे काय विचारता! रस्त्यात खड्डे नाहीत, खड्ड्यांच्या मधूनमधून थोडा रस्ता आहे. मोटारसायकलवर अप्पांना बसवत नाही, आणि त्या वाटेला रिक्षावाला येत नाही. म्हणजे जीप बंद तर शेतही बंद.

बसवराजनं लगेच भंगारवाल्याशी बोलून ठेवलं. मी सुट्टीत गेलो तेव्हा पाहिलं, अप्पा भाकरी मोडायचे आणि तशीच ताटात ठेवायचे. मला ते बघवेना. खरंच बघवेना, आणि म्हणूनच माझ्या तोंडून निघून गेलं, "जीप विकायची नाही. मी तिला अशी करून देतो की अप्पांच्या कमरेला रस्ता कळणारसुद्धा नाही!"

सासूबाईंचा, म्हणजे अव्वांचा, तुपाचा चमचा हवेतच थांबला.

"दाजी," बसवराज म्हणाला, "तुम्ही सोता?"

"मी स्वतः."

"पाना धरून?"

"डोकं धरून!" मी म्हणालो. अव्वांनी चमचा तसाच परत तुपाच्या भांड्यात ठेवला.

आता माझ्या डोक्यात काय होतं ते ऐका. मला रोज जेवणानंतर मोबाइलवर वाळवंटातल्या ट्रकच्या शर्यती बघायचा नाद आहे. काय ते ट्रक! वाळूच्या उंचवट्यांवरून वाऱ्यासारखे पळतात. खाली पुढची चाकं दोन-दोन हात वरखाली नाचत असतात आणि वर चालवणारा माणूस मात्र गादीवर बसलेल्या शेठजीसारखा निवांत! त्याची मुंडी हलत नाही. मी म्हटलं, जिथं वाळवंटात मुंडी हलत नाही, तिथं उदगीरच्या खड्ड्यांत कंबर कशी हलेल?

त्यातली युक्ती साधी आहे. आपल्या जुन्या जीपला पुढं एक आडवा लोखंडी दांडा आणि खाली पट्ट्यांवर पट्ट्या रचलेले पाटे असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की सगळी गाडी हेलकावते. त्या ट्रकांना तसं नसतं. प्रत्येक पुढचं चाक दोन लांब हातांनी धरलेलं असतं, वर मोठी मऊ स्प्रिंग. चाकानं आपलं आपण वरखाली करावं, गाडीला त्रास देऊ नये. एकच मेख आहे. चाक वळवणारी जी दांडी स्टिअरिंगकडून येते, तिनं त्या हातांच्या बरोबरीनं हललं पाहिजे. ती जरा आखूड-लांब झाली, तर चाक वर उचललं की आपोआप वळतं. तुम्ही स्टिअरिंगला हात लावा न लावा!

ही मेख मला माहीत नव्हती असं समजू नका. तीच तर मी दर वर्षी परीक्षेत विचारतो. आठ मार्कांना!

बिदर रोडला ख्वाजाभाईचं गॅरेज आहे. ही जीप त्याच्या वडिलांपासून त्याच्याकडंच दुरुस्तीला येते. मी मोबाइलवर ट्रक दाखवला. त्यानं दोनदा बघितला.

"सर, हे वाळूत पळतंय," तो म्हणाला. "आपली जीप हळूहळू जाती, दळण आणाया गेल्यागत."

"सिद्धांत एकच आहे, ख्वाजाभाई."

"शिद्धांताचं वेल्डिंग मलाच करायचंय न्हव?" असं म्हणून त्यानं चष्मा चढवला. चांगला माणूस. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशे काढले, त्यानं पंधरा दिवस खपून लांब हात बनवले, स्प्रिंगा बसवल्या, दांड्या जोडल्या. मी लांबून बोट दाखवायचो. एकदा पाना उचलून दिला, तो चुकीचा निघाला.

शेवटच्या दिवशी चाकं सरळ करायची होती. आता इथं लक्ष द्या, कारण माती इथंच खाल्ली.

अप्पांची मित्रमंडळी आठ जणांची. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर मन्मथकाका त्यांचे म्होरके. हे आठही जण रोज गॅरेजवर हजर. गॅरेजमध्ये स्टुलं दोन, त्यातल्या एकावर ग्रीसचा डबा. मग आपल्याकडं माणूस कुठं बसतो? दुरुस्तीला आलेल्या गाडीवर! दोघं पुढच्या सीटवर, दोघं बंपरवर, दोघं दोन मडगार्डवर, आणि मन्मथकाका एका मित्राला घेऊन थेट बॉनेटवर. चहा आला. मी खडू घेतला आणि भिंतीवर आकृती काढून समजावू लागलो.

आणि ते ऐकत होते हो! सोळा वर्षांत माझ्या वर्गात एवढी शांतता मी पाहिलेली नाही. कुणी मोबाइल बघत नाही, कुणी जांभई देत नाही. मन्मथकाका तर मधूनच "वा!" म्हणायचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ख्वाजाभाई टेप घेऊन खाली वाकला होता. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून मोजायचं, मग मागून मोजायचं. दोन्ही सारखं आलं की चाकं सरळ. तो उठला आणि हळूच म्हणाला, "सर, ह्या लोकांना खाली उतरवू का?"

"कशाला?" मी म्हणालो. "ऐकून राहिलेत बिचारे. बसू दे!"

"न्हाई म्हंजे, माप घेयाचं होतं…"

"घे की मग! चाकं तर मोकळी आहेत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या आकृतीकडं पाहिलं आणि माप घेतलं. त्या उंचीला दांड्या बसवल्या, त्या उंचीला नट आवळले. मी स्वतः खाली वाकून तपासलं. पुढून मागून तंतोतंत!

मग चाचणी. आठही जण म्हणाले, आम्ही बसतो. तसेच जागच्या जागी बसले, सीटवरचे दोघं जरा सरकले. ख्वाजाभाईनं सावकाश शेताच्या वाटेला गाडी घातली. मी जीपमध्येच मागं उभा. काय सांगू, खड्डा आला की चाक आत जायचं, बाहेर यायचं, वर पत्ताच नाही! मन्मथकाकांच्या हातातल्या चहाचा एक थेंब सांडला नाही. परत आल्यावर त्यांनी तो ग्लास उंच धरून साऱ्या बाजाराला दाखवला.

त्या संध्याकाळी अव्वांनी पुरणपोळी केली आणि माझ्या ताटात तूप वाढताना "बास" म्हणायची मला गरज वाटली नाही. अप्पांनी भाकरी नाही, तीन पोळ्या खाल्ल्या. बसवराजनं भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मी झोपताना बायकोला म्हणालो, "बघितलंस?" ती म्हणाली, "उद्या बघू."

बायकांना काही गोष्टी आधी कळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. जीपला हार, बॉनेटवर विभूतीचे पट्टे, चार चाकांपुढं चार लिंबं. अप्पा स्टिअरिंगवर, मी शेजारी. आठही मित्र रस्त्याच्या कडेला रांगेत उभे. गर्दी नको म्हणून मीच त्यांना खाली उभं केलं होतं. जीपचं नाक मला कालपेक्षा जरा वर वाटलं. मी म्हटलं, गाडीलाही अभिमान वाटत असेल.

अप्पांनी गाडी काढली. मागची दोन लिंबं चिरडली गेली. पुढची दोन शाबूत! एक चाक लिंबाच्या डावीकडून गेलं, दुसरं दुसऱ्या लिंबाच्या उजवीकडून.

"जावईबापू," अप्पा म्हणाले, "लिंबू राहिलं की."

"नवं काम आहे अप्पा. बसायला वेळ लागतो."

गाडी थोडी नागमोडी चालली होती. मी म्हटलं, अप्पांचा हात सुटलाय, महिनाभर चालवली नाही ना! पहिला स्पीडब्रेकर आला. जीप अलगद वर गेली, अलगद खाली आली, आणि तितक्याच अलगद डावीकडं वळून एका रसवंतीत शिरली. बाकड्यावर बसलेली दोन माणसं पाय वर घेऊन बसली.

अप्पांनी एक क्षण स्टिअरिंगकडं पाहिलं. मग मान बाहेर काढून म्हणाले, "दोन ग्लास. आलं जास्त टाक."

"थांबायचं होतं का अप्पा?" मी विचारलं.

"आता थांबलाव म्हंजे थांबायचंच होतं," अप्पा म्हणाले. अप्पांचा स्वभाव तसा. चारचौघांत गाडीची अब्रू जाऊ द्यायची नाही.

रस पिऊन निघालो. पुढं एका खड्ड्यानं आम्हाला लॉन्ड्रीच्या दारात नेलं. तिथं अप्पांनी कपडे झाले का विचारलं. कपडे दिलेच नव्हते. कमरेचं विचाराल तर एकदम झकास! एक दणका नाही. फक्त आम्ही कुठं चाललोय ते आम्हाला माहीत नव्हतं.

आणि मग गाव संपता संपता सिद्रामप्पांचं घर आलं.

सिद्रामप्पा हे अप्पांचे शेतशेजारी. बांधावरून दोघांत वाद झाला, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं नाही, बघणं नाही, एकाच्या घरचं कार्य असलं की दुसरा परगावी. त्यांच्या घरासमोर येताच अप्पांनी सवयीनं मान दुसरीकडं वळवली. नेमका तिथंच नळासाठी खणलेला चर. डावं चाक त्यात उतरलं, वर आलं, आणि जीप सिद्रामप्पांच्या उघड्या फाटकातून थेट अंगणात जाऊन बाजेपाशी उभी राहिली.

बाजेवर सिद्रामप्पा. बनियनवर, शेंगा फोडत. हातातली शेंग हातात. हे एवढं मोठं धूड, शंभरावर किलोचं, पण लगबगीनं उठून उभं राहिलं.

"शरणु, अप्पा," ते हात जोडून म्हणाले. "बारा वर्सानं पाय लागले की हो तुमचे!"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी चाकाकडं पाहिलं.

"यायचंच होतं," अप्पा म्हणाले.

"हार घालून आलाव गाडीला!" सिद्रामप्पांनी डोळे पुसले. "मीच येणार हुतो हो. लई डाव चप्पल घातली आन् काढली. तुम्ही मोठे, तुम्ही मोठेपणा केलाव. तो बांध तुमचाच, जावा!"

"बांध राहू दे रे," अप्पा म्हणाले. "दोघं मिळून एक डाव मोजून टाकू."

घरातून पाणी आलं, चहा आला, चुरमुऱ्यांचा सुशीला आला. मी खाली मान घालून खात राहिलो. या दोन म्हाताऱ्यांना आत्ता कसं सांगायचं की हे मोठेपण स्टिअरिंगच्या दांडीचं आहे?

मग सिद्रामप्पा म्हणाले, मीपण येतो शेतात, आत्ताच मोजू. ते पुढच्या सीटवर बसले, मागं मोजणीचं सामान टाकलं, मला जागा राहिली नाही म्हणून मी पुढं बंपरवर टेकलो. आणि काय चमत्कार! जीप बरीचशी सरळ चालायला लागली.

"बघा," अप्पा म्हणाले, "सिद्रामप्पा बसला आन् गाडी सुधरली. पायगुण असतोय माणसाचा."

आणि मी, आठ मार्कांचा प्रश्न काढणारा मी, बंपरवर बसून म्हणालो, "असतो अप्पा, असतो."

परतीच्या वाटेवर सिद्रामप्पा घरी उतरले, मी पुन्हा आत बसलो, आणि जीप पुन्हा बिघडली. कसेबसे गॅरेजवर पोहोचलो. ख्वाजाभाईनं टेप काढला, मोजलं. पुढून अंतर चार बोटं जास्त. दोन्ही चाकं वाटणी झालेल्या भावांसारखी तोंडं फिरवून उभी!

तो समोरच्या हॉटेलपाशी गेला आणि आठही जणांना घेऊन आला. "या, बसा काल बसला तसं." ते बसले. जीपचं नाक खाली आलं. त्यानं मोजलं. तंतोतंत! "उतरा." उतरले. नाक वर, चार बोटं फरक. "बसा." बसले. तंतोतंत!

ख्वाजाभाई उठला, हात पुसले.

"सर, गाडी बरोबर हाय. माणसं कमी हायत."

मी भिंतीकडं बघितलं. माझी आकृती अजून तिथंच होती. खाली मीच लिहिलेलं वाक्य होतं: 'गाडीची नेहमीची उंची आधी निश्चित करावी.' मी ती निश्चित केली होती, आठ श्रोत्यांसकट.

"आता?" मी विचारलं.

"नुसती चाकं सरळ करून भागंना. दांड्यांचा हिशेबच तुम्ही त्या उंचीला लावलाय, खड्डा आला की पुन्हा फिरणार. स्प्रिंगचा एक येढा कापू. गाडी खाली बसंल, काम हुईल. पर मग थोडी कडक हुईल."

"कडक?" अप्पा पुढं आले. "कापायचं न्हाई! आज पयल्यांदा शेतातून आलो आन् कंबर हाय का न्हाई ते कळंना. जावईबापूंनी केलंय ते झकास केलंय. माणसं कमी हायत ना? माणसं काय, माझ्याकडं हायतच की."

मन्मथकाका बॉनेटवरून म्हणाले, "आमाला तरी घरी कोण ईचारून राहिलंय?"

झालं! ख्वाजाभाईनं बंपरवर एक मजबूत बाकडं जोडून दिलं, पाठीला टेकायला दांडा लावला. आता रोज सकाळी जीप माणसाच्या चालीनं शेताच्या वाटेला लागते. बाकड्यावर पाच, सीटवर सिद्रामप्पा, मडगार्डवर उरलेले. बांध मोजून झाला, आता त्याच बांधावर बसून डबे खातात. अप्पा भाकरी ताटात ठेवत नाहीत. सगळं छान आहे. फक्त माझा त्यात काही उपयोग उरलेला नाही, असं मला वाटत होतं.

परवा दुपारी अप्पांचा फोन आला. मी घरीच होतो.

"जावईबापू, जीपचं एक काम निघालंय. ख्वाजाभाई म्हणतोय, हे सरच करू शकतेत."

माझी छाती फुगली. बायकोला हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला. म्हटलं, ऐकू दे तिलाही जरा! "बोला अप्पा, निःसंकोच बोला."

"मन्मथ लेकीकडं चाललाय, बिदरला. आठ दिवस. तुमचं वजन किती?"

बायको ओढणी तोंडाला लावून आत गेली.

"ब्याऐंशी," मी म्हणालो.

पलीकडं थोडी कुजबुज झाली. ख्वाजाभाईचा आवाज आला, मग अप्पा परत फोनवर आले.

"मन्मथ शहात्तरचा हाय. चालंल म्हणतोय ख्वाजाभाई. पर येताना जेवून येऊ नका."

मी उपाशी गेलो.